रक्ताचे आणि जोडलेले : कुटुंब प्रत्येकाला का हवे?

बोरीवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत सकाळच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्येष्ठ मंडळी एकमेकांची विचारपूस करतात आणि आज कोण आले नाही, याचीही नोंद घेतात. त्यांपैकी अनेकांची मुले आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात आहेत. दूरध्वनीवर रोज बोलणे होते. परंतु दाराला अडकवलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच राहिली, तर ती शेजाऱ्यालाच दिसते. कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथूनच शोधावेसे वाटते. आपली अनुपस्थिती ज्यांना जाणवते आणि न बोलावता जे आपल्या दारी येतात, ते आपले कुटुंब.

आपल्या पूर्वजांना हे सांगावे लागत नव्हते. एक्सर, गोराई यांसारख्या जुन्या गावठाणांत कुटुंबाची सीमा घराच्या उंबरठ्यावर संपत नसे. ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचे पाणी’ आणण्यासाठी वाजतगाजत विहिरीवर जाण्याची प्रथा आहे. ते पाणी आणायला केवळ नातेवाईक जात नाहीत, आळीतले सारेच जातात. मांडव घालणे, फुगे तळणे, वाढणे ही कामे वाटून घेतली जातात. आज मी तुझ्या घरी राबलो, उद्या तू माझ्या घरी येशील, या अलिखित करारावर गावठाण उभे होते. इमारती आल्या, दारे बंद झाली आणि तो करार हळूहळू विसरला गेला.

मात्र कुटुंब रक्तापुरते नसते, ही जाणीव आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाला धर्मपिता वा धर्ममाता दिली जाते. १९८३ सालच्या धर्मसंहितेनुसार बालकाचे जन्मदाते आईवडील ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. याचा अर्थ असा, की बालकाला आईवडिलांखेरीज आणखी कोणीतरी आपले असावे. क्रुसावरून प्रभू येशूने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, तेव्हाही एक नवे घर निर्माण झाले होते.

आरोग्यशास्त्रही याच दिशेने बोट दाखवते. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांची सामाजिक नाती बळकट होती, त्यांची अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. येथे नाते रक्ताचे की मैत्रीचे, हा प्रश्न गौण ठरतो. नाते आहे की नाही, हे महत्त्वाचे.

कोणी म्हणेल, मुंबईकर संकटात धावून येतातच. ते खरे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकलगाड्या थांबल्या आणि हजारो माणसे उपनगरांकडे पायी निघाली, तेव्हा अनोळखी लोकांनी त्यांना पाणी, चहा आणि आसरा दिला. परंतु अनोळखी माणूस पुराच्या रात्री येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर डोळ्यांत थेंब घालायला येत नाही. त्यासाठी रोजचे नाते लागते.

येथे एक कटू सत्यही मान्य केले पाहिजे. रक्ताचे नाते प्रत्येकाला लाभतेच असे नाही आणि लाभले तरी ते प्रत्येक वेळी मायेचे असतेच असे नाही. अनाथ, अविवाहित, विधवा, घरातून दुरावलेले अशा कितीतरी जणांना जोडलेले नातेच आधार देते. कायदाही आता हे ओळखू लागला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रौढ व्यक्ती आपला प्रतिनिधी म्हणून नातेवाईक नसलेल्या माणसाचीही निवड करू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात स्पष्ट केले, की आई, वडील आणि मुले या ठराविक चौकटीबाहेरची कुटुंबेही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत.

तरीही जोडलेले नाते आपोआप टिकत नाही. रक्ताच्या नात्याला निदान नाव असते. मैत्रीला वेळ द्यावा लागतो. म्हणून आम्ही वाचकांना काही साध्या गोष्टी सुचवू इच्छितो. आपण एकटे राहत असाल, तर घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या. आपली औषधे, डॉक्टरांचे नाव आणि कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून दर्शनी जागी लावा. आपण कुटुंबात राहत असाल, तर महिन्यातील एका रविवारी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ठेवा. आणि त्याला पाहुणा म्हणून बसवून ठेवू नका. कांदा चिरायला सांगा. ज्याला काम सांगता येते आणि जो हक्काने आपल्याला सांगतो, तोच घरचा होतो.

मदत घेणे अनेकांना देण्यापेक्षा अवघड जाते. परंतु ‘मला तुमची गरज आहे’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवल्याशिवाय कोणी कोणाचे होत नाही. उद्या सकाळी चर्चच्या आवारात नेहमीचा एखादा चेहरा दिसला नाही, तर घरी परतताना त्याच्या दारावरची घंटा जरूर वाजवावी.