पुण्याची राजी ओझरच्या घरात

रविवारी दुपारी जेवणे आटोपली की आमच्या घरात एकाच जागेसाठी ओढाताण चालते. ती जागा पुतण्याच्या संगणकासमोरची. जुना घेतलेला, मधूनमधून कुरकुरणारा हा संगणक त्याच्या शिक्षणासाठी आणला होता. त्यावर लढायांचे खेळ दिसू लागले तसे आम्ही रागावलो. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, मागं उभं राहून बोलण्यापेक्षा एकदा खेळून तर बघा. हा आपल्या पुण्यात बनलेला खेळ आहे."

पुण्यात बनलेला? ओझरच्या माणसाला हा शब्द लगेच लागतो. १९६४ साली स्थापन झालेल्या आपल्या गावाशेजारच्या कारखान्यात विमाने बनतात. वस्तू कोठे आणि कोणाच्या हातून बनली, हे विचारायची आम्हांस सवयच आहे. म्हणून खुर्ची ओढून बसलो आणि चार रविवार त्यात गेले.

खेळाचे नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने तो तयार केला. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडले नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ एका खेळयंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर. त्याच वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत नवोदितांच्या पहिल्या खेळासाठीच्या नामांकनात त्याचे नाव होते. पुरस्कार दुसऱ्याला गेला, पण नाव तर लागले!

आता कथा. राजी ही खेळ करून पोट भरणाऱ्या मंडळीतली मुलगी. कसरती, कोलांट्या हेच तिचे जगणे. राखीच्या सणात राक्षसांचा हल्ला होतो आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. त्याला शोधायला ती एकटी निघते. ती राजी म्हणजे आपण. बटणे दाबून तिला धावायला, उड्या मारायला, लढायला लावायचे. ती भिंतीवर पाय देऊन उसळते, खांबाला गिरकी घेते आणि त्याच वेगात शत्रूवर वार करते.

हे पाहताना आम्हांस बाजारात पाहिलेला डोंबाऱ्याचा खेळ आठवला. दोरीवर चालणारी पोर आणि खाली ढोलके वाजवणारा बाप. आपल्याकडे कोल्हाटी-डोंबारी समाज भटक्या जमातींत मोडतो. त्यांच्या मुलींकडे पाहून लोक टाळ्या वाजवतात, चार नाणी टाकतात आणि निघून जातात. अशा कसरतवालीसारख्या मुलीला कोणी नायिका केले आणि तिच्या कोलांटीलाच तिचे शस्त्र केले, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडली.

चित्रेही डोळ्यांत भरतात. राजस्थानी धाटणीचे किल्ले, जाळीच्या खिडक्या, पाण्यात पडलेली सावली, सगळे हाताने रंगवल्यासारखे. मधला कथाभाग सावलीच्या बाहुल्यांतून सांगितला आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. मध्येच गोल चकत्या फिरवून तुटलेले चित्र जुळवायचे असते आणि त्यातून बहीणभावाच्या आठवणी उलगडतात. तिथे आमची सहावीतली पुतणी सगळ्यांच्या पुढे!

मात्र दोष झाकून चालणार नाही. पाहण्याचा कोन आपल्या हातात नसतो. त्यामुळे उडी नेमकी कोठे पडेल याचा अंदाज चुकतो आणि राजी दरीत जाते. लढाईत एक बटण दाबले की तिचा वार पुरा होईपर्यंत दुसरे ऐकत नाही, तोवर मागून फटका बसलेला असतो. पुढे पुढे त्याच त्या लढाया परत येतात. सारा खेळ सवय असलेल्याला पाच-सहा तासांचा. आणि शेवट? कथा रंगात येते आणि पडदा पडतो. पुतणी रडवेली होऊन म्हणाली, "हे काय काका, संपलं?" आम्हांसही तसेच वाटले.

आणखी एक गोष्ट होती. तिच्याविषयी आपल्या पानात बोललेच पाहिजे. राजीला त्रिशूळ मिळतो तो दुर्गेकडून, पुढे धनुष्य मिळते ते विष्णूकडून. सगळा प्रवास देवळांतून होतो, भिंतींवर पुराणकथा आहेत आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी बोलत राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात लहानपणापासून म्हटल्या जातात, त्या घरात हा खेळ चालावा का?

आमच्या आईने या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकले. २०२२ मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात हिंदी आवाज आहेत, म्हणून पलंगावर बसून तिलाही सगळे कळत होते. ती म्हणाली, "पडती ती पोर, मार खाती ती पोर, उठती बी तीच. आन् नाव मातर वरच्यांचं!"

घरात हसू पिकले. पण पुतणी खेळ थांबवून विचारू लागली, "आजी, मग तिला त्रिशूळ कोणी द्यायला हवा होता?" आई म्हणाली, "द्यायचा कशाला? शिकून घ्यायचा." मग नाशिकच्या काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाची गोष्ट निघाली. राजी देवळाच्या आत सहज धावते, आणि आपल्या माणसांना दारातच अडवले होते, हे पुतणीने पहिल्यांदाच नीट ऐकले. दिवे लागेपर्यंत बोलणे चालले.

वाचकहो, म्हणून आम्ही हा खेळ बंद करा असे म्हणत नाही. कथा माहीत असणे म्हणजे तिची पूजा करणे नव्हे. पण मुलाला एकट्याला पडद्यासमोर सोडू नका. शेजारी बसा, विचारा, त्याला विचारू द्या.

असे खेळ दुसऱ्या वाटेनेही बनू शकतात. 'राजी'त खेळणारा ठरलेल्या वाटेनेच जातो. भूमिका-खेळ म्हणतात त्या प्रकारात मात्र पात्राने काय बोलावे, काय निवडावे हे आपण ठरवतो. २०१४ साली पायरोडॅक्टिल या भारतीय मंडळीचा 'अनरेस्ट' नावाचा तसा खेळ आला. प्राचीन भारतासारख्या मुलखात दुष्काळ पडला आहे आणि आपण वेगवेगळ्या माणसांच्या भूमिका घेतो. त्यांत एक खेड्यातली मुलगी आहे, जिचे लग्न घरचे ठरवीत आहेत. तिथे तलवारीपेक्षा बोलणे महत्त्वाचे. म्हणजे गरिबाचे रोजचे जगणेही खेळाचा विषय होऊ शकते.

शेवटच्या रविवारी पुतण्याला विचारले, "हे बनवायला काय शिकावं लागतं रे?" तो बोटे मोजू लागला. चित्रकला, संगणकाची भाषा, संगीत, गोष्ट लिहिणे. आम्ही म्हटले, यातले कोणते काम आपल्या पोरांना जमणार नाही? विमानाचे भाग जोडणाऱ्या हातांची ही मुले आहेत. जलशातून आणि शाहिरीतून आपली गोष्ट गावोगाव नेणाऱ्यांची ही नातवंडे आहेत.

'राजी' अपुरी आहे, अडखळते. तरी छोट्या मंडळीने पैसा तोकडा असताना ती उभी केली आणि जगाने पाहिली. आमच्या पुतणीने वहीच्या मागच्या पानावर एक मुलगी काढली आहे. तिच्या हातात त्रिशूळ नाही, पुस्तक आहे. खाली लिहिले आहे, 'माझा खेळ, भाग पहिला'. ते पान आम्ही जपून ठेवले आहे.