सराफ्यातला मध्यरात्रीचा फराळ

पुण्या-मुंबईचा माणूस इंदूरला उतरला की पहिल्याच सकाळी त्याचा थोडा हिरमोड होतो. बशीत पोहे येतात खरे; पण ते वाफेच्या पातेल्यावर ऊन राखलेले. त्यांत बडीशेप, वर शेव, त्यावर ‘जीरावन’ नावाची चटकदार मसाल्याची पूड, आणि शेजारी चक्क गरम जिलबी! ‘हे काही आपले पोहे नव्हेत,’ असे पाहुणे म्हणतात आणि दुसरी बशी मागवतात.

होळकरांच्या मागोमाग मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांच्या शिदोरीतून पोहेही आले, असे इंदूरकर सांगतात. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. त्यांचा सातमजली राजवाडा आजही गावाच्या मध्यभागी उभा आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत आगीने त्याचा बराच भाग गिळला, पण दर्शनी बाजू वाचली.

मग मराठीचे येथे उरले काय, असे कोणी विचारील. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले, तर पुढच्याच वर्षी तेथे हिंदी साहित्य संमेलन भरून गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. १९३५ मध्ये तर दोन्ही भाषांनी एकाच वर्षी या गावाचा पाहुणचार घेतला! इंदूरच्या मराठी घरांत आजही बोलण्यात हिंदीची फोडणी सहज पडते. शुद्धलेखनवाल्यांनी कपाळाला आठ्या घालाव्यात. कानाला मात्र ती बोली गोड लागते.

गाण्याचेही तसेच. येथे वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी (१९१२–१९७४) अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ या तिघांच्या गायकीतले सत्त्व घेतले आणि त्यातून आपली स्वतःची संथ, गंभीर गायकी घडविली. लोक तिला इंदूर घराणे म्हणू लागले.

पण हा स्वभाव जिभेने ओळखायचा तर रात्री सराफ्यात जावे. राजवाड्यापासून चार पावलांवर ही सोन्याचांदीची पेठ. रात्री दुकानांची दारे बंद झाली की त्याच दारांपुढे शेगड्या पेटतात, आणि दिवसा जेथे गुंजा-मासे तोलले जात तेथे मध्यरात्र उलटेपर्यंत खवय्यांची झुंबड उडते. किसलेले मक्याचे कणीस तुपात परतून दुधात शिजविलेला ‘भुट्ट्याचा कीस’, खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस, दहीवडे, तळहाताहून मोठा ‘जलेबा’. थंडी पडली की ‘गराडू’ नावाचा कंद तळून त्यावर लिंबू पिळतात. सुनेच्या हातात कुल्फी, सासूबाईंच्या हातात रबडी, आणि आजोबा ‘आता पुरे’ म्हणत पुढच्या गाडीकडे निघालेले, अशी सगळी घरेच्या घरे येथे भेटतात.

परमुलखात गेलेली माणसे आपली चव जपण्यासाठी दारे लावून बसतात, असे आपण अनेकदा पाहतो. इंदूरच्या मराठी माणसाने दार उघडे ठेवले. म्हणूनच पोहे आज तेथे साऱ्या गावाचे झाले आहेत, आणि जिलबी मराठी घरची.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत इंदूरला जाल तर संध्याकाळचे जेवण टाळा. आणि घरून चिवड्याचा डबा मुळीच नेऊ नका!