सदनिकेचे दार, फटी आणि हवेचा दाब : ग्वाल्हेरच्या संदर्भात

ग्वाल्हेरमध्ये मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लू वाहू लागते, तेव्हा दाराखालची बोटभर फटही जाणवते. म्हणूनच हरित इमारतींच्या चर्चेत ‘फटी बुजवा’ हा सल्ला प्रथम दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अर्धाच बरोबर आहे.

फटीतून हवा वाहते ती दाबातील फरकामुळे. हा फरक वारा, पंखे किंवा तापमान यांमुळे निर्माण होतो. गार हवा जड असते. बाहेर ४५ व आत २७ अंश असल्यास उंचीच्या दर मीटरमागे सुमारे ०.६५ पास्कल फरक पडतो. जिना बंदिस्त व थंड असेल, तर ३० मीटर उंचीच्या इमारतीत तो २० पास्कलच्या घरात जातो. गार हवा खालून निसटते, तप्त हवा वरून आत येते. जिना उघडा असल्यास हा परिणाम बराच कमी होतो.

मात्र खरी अडचण कूलरची आहे. कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. तिला बाहेर पडण्यास वाट नसेल तर खोलीत ओलावा साचतो आणि गारवा संपतो. पावसाळ्यात वातानुकूलन यंत्र सुरू केले की तीच वाट वीज खाते. तेव्हा दाराला रबरी पट्टी जरूर असावी, पण सोबत हवी तेव्हा उघडता येईल अशी खिडकीही असावी. २०१८ च्या इको-निवास संहितेनेही संमिश्र हवामानासाठी उघडता येणाऱ्या भागाचे प्रमाण चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के ठरविले आहे.

हिवाळ्यात प्रश्न जिवाचा होतो. घट्ट बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसास काहीच कळत नाही. न्हाणीघरातील गॅस गिझरचा धोकाही तोच. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा चालू असताना बंदिस्त सदनिकेतील दाब उतरतो आणि गिझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो.

विद्यार्थ्यांना हे उदबत्तीने दाखविता येते. गिझर व शेगडी बंद ठेवून सर्व दारे-खिडक्या लावाव्यात, एक्झॉस्ट सुरू करावा आणि उदबत्ती आधी मुख्य दाराच्या फटीपाशी, मग न्हाणीघराच्या झरोक्यापाशी धरावी. झरोक्यापाशी धूर आत वळत असेल, तर पट्टी बसविण्याआधी गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत हलवावा.