बैठक, पोथी आणि पुस्तकाचे दुकान
खुलताबाद परिसरातील वाचनसभांचा मागोवा

पुस्तकांच्या दुकानात लेखकाने वाचकांसमोर बसून स्वतःचे लेखन वाचावे, वाचकांनी त्याला प्रश्न विचारावेत आणि या निमित्ताने ते दुकान विक्रीच्या जागेबरोबरच गावाच्या भेटीगाठींची जागा व्हावे, ही प्रथा महाराष्ट्रात मोठ्या शहरांची आणि तीही अलीकडची मानली जाते. दुकानाची चौकट बाजूला ठेवून केवळ वाचनसभेचा विचार केला, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचला जातो, ऐकणारे त्यात बोलतात आणि त्या बोलण्याचा मजकुरावर परिणाम होतो अशा बैठकीचा शोध घेतला, तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद तालुक्याइतका समृद्ध पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. वेरूळची लेणी, औरंगजेबाची कबर आणि भद्रा मारुती यांच्यासाठी ओळखला जाणारा हा तालुका ग्रंथांच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे आणि त्याची ही ओळख पर्यटकांच्या माहितीपत्रकात सहसा येत नाही.

मराठीत अशा प्रसंगांना दोन निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतील फरक मोलाचा आहे. ‘प्रकाशन समारंभ’ म्हणजे व्यासपीठ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ आणि भाषणे, ज्यांत पुस्तकाविषयी पुष्कळ बोलले जाते, पण पुस्तकातील पाने क्वचितच वाचली जातात. ‘अभिवाचन’ म्हणजे श्रोत्यांसमोर अर्थ आणि भाव यांसह केलेले प्रकट वाचन, ज्यात मजकूरच केंद्रस्थानी असतो. स्वतंत्र पुस्तक दुकान, म्हणजे कोणत्याही मोठ्या साखळीचा भाग नसलेले आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसून चालवतो असे दुकान, या दुसऱ्या प्रकाराला अधिक अनुकूल असते, कारण तिथे व्यासपीठाला जागाच नसते; लेखक आणि वाचक एकाच पातळीवर बसतात आणि चर्चेत एखाद्या पुस्तकाचे नाव निघाले, तर ते फळीवरून काढून लगेच हातात देता येते.

खुलताबादचा या विषयाशी असलेला संबंध चौदाव्या शतकातील एका कवीपासून सुरू होतो. फारसी कवी अमीर हसन सिज्झी हा अमीर खुस्रोचा मित्र आणि दिल्लीचे चिश्ती संत निजामुद्दीन औलिया यांचा शिष्य. १३०८ साली त्याने गुरूच्या बैठकीत जे बोलणे होई ते घरी येऊन टिपून ठेवायला सुरुवात केली आणि १३२२ पर्यंतच्या १८८ बैठकींच्या नोंदींतून ‘फवायद-उल-फुआद’ हा ग्रंथ तयार झाला. संतांच्या बैठकीतील संभाषणांच्या अशा नोंदींना ‘मल्फूजात’ म्हणतात आणि भारतातील मल्फूजात वाङ्मयाचा आदर्श म्हणून या ग्रंथाकडे पाहिले जाते. त्यात उपदेशाबरोबर गोष्टी आहेत, काव्याच्या ओळींवरील चर्चा आहे, कोण कोणत्या वेळी आले आणि त्याने काय विचारले याचेही तपशील आहेत, म्हणजे सभेचे वातावरणच कागदावर उतरले आहे.

याच ग्रंथात एक प्रसंग नोंदलेला आहे, जो वाचनसभेच्या कोणत्याही अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. वर्षभराहून अधिक काळ गुपचूप टिपणे घेतल्यावर हसनने ती गोष्ट गुरूला सांगितली आणि पाने समोर ठेवली. निजामुद्दीनांनी ती वाचली, पसंत केली आणि काही ठिकाणी मोकळी सोडलेली जागा पाहून ती कशासाठी, असे विचारले. तेथील शब्द आपल्याला नीट उमगले नव्हते, असे शिष्याने सांगितल्यावर त्यांनी त्या रिकाम्या जागा स्वतः भरून दिल्या. ऐकणाऱ्याने लिहिले, बोलणाऱ्याने ते वाचले आणि राहून गेलेले शब्द दोघांनी मिळून पुरे केले. त्या पानावर ऐकणारा आणि बोलणारा या दोघांचाही हात आहे. आजच्या कार्यक्रमांत श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी शेवटची दहा मिनिटे राखली जातात आणि भाषणे लांबली की तीच प्रथम कापली जातात, हे पाहिले म्हणजे त्या कोऱ्या जागांचे महत्त्व अधिक जाणवते.

१३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला नेली, तेव्हा दिल्लीतील अनेक विद्वान, कवी आणि सूफी या डोंगराळ मुलखात आले. हसन सिज्झी त्यांच्यापैकीच एक. त्याचा मृत्यू इथेच झाला आणि त्याची कबर खुलताबादेत आहे. निजामुद्दीनांचे दुसरे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही दख्खनला आले आणि त्यांच्या भोवती पुन्हा तशाच बैठका सुरू झाल्या. या बैठकींच्या नोंदी ठेवण्याचे काम काशानी घराण्यातील भावांनी केले: रुक्नुद्दीन काशानीने ‘नफाइस-उल-अन्फास’, हम्मादुद्दीनने ‘अहसन-उल-अक्वाल’ आणि मज्दुद्दीनने ‘गराइब-उल-करामात’ हे ग्रंथ सिद्ध केले. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले. त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांच्या बैठकींचीही नोंद ‘हिदायत-उल-कुलूब’ या ग्रंथात झाली. एका लहान वस्तीच्या आधाराने दोन पिढ्यांत संभाषणांचे इतके ग्रंथ तयार व्हावेत, ही गोष्ट तिथल्या ऐकणाऱ्यांच्या शिस्तीविषयी बरेच सांगते. तापीकाठचे बुऱ्हाणपूर बुऱ्हाणुद्दीनांच्या आणि नदीपलीकडचे झैनाबाद झैनुद्दीनांच्या नावाने वसले, हे वाचकांना ठाऊक असते, पण ही नावे ज्या बैठकींमुळे मोठी झाली त्या बैठकी खुलताबादच्या होत्या.

या फारसी परंपरेच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा मराठी ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, म्हणजे ‘लीळा’, त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गोळा केल्या. ज्याला जे आठवत होते त्याच्यापर्यंत तो स्वतः जाऊन पोहोचला आणि मिळालेली प्रत्येक लीळा त्याने चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतली. वेरूळचे जुने नाव ‘एळापूर’ आणि तिथला चक्रधरांचा मुक्काम या ग्रंथात तपशिलाने येतो. म्हाइंभटाची मूळ प्रत दिल्लीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. तेच स्वाऱ्यांचे राजकारण पुढे हसन सिज्झीला या डोंगरात घेऊन आले. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ आणि भारतीय मल्फूजातांचा आदर्श ग्रंथ यांच्यात जेमतेम चाळीस वर्षांचे अंतर आहे, दोन्ही ऐकलेल्या शब्दांवर उभे आहेत, दोन्हींत मजकूर जाणत्याकडून तपासून घेतलेला आहे आणि दोन्हींचे धागे एकाच तालुक्यात येऊन मिळतात. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध होता, असा दावा इथे करायचा नाही. त्यांचे शेजारी असणेच पुरेसे बोलके आहे.

अठराव्या शतकातील मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) हा खुलताबादच्या फारसी परंपरेतील शेवटचा मोठा ग्रंथकार मानता येतो. अरबी आणि फारसीत लिहिणारा हा पंडित औरंगाबादेत पाणचक्कीजवळच्या बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या आश्रमात, काही वर्षे राहिला. खुलताबादच्या संतांवर त्याने ‘रौजत-उल-औलिया’ हा ग्रंथ लिहिला आणि अखेर खुलताबादेत, हसन सिज्झीच्या कबरीजवळच त्याला पुरण्यात आले. त्याच्या नावावर ग्रंथप्रेमाची आणखी एक गोष्ट आहे. मुघल सरदारांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल-उमरा’ हा प्रचंड कोश लिहिणारा त्याचा मित्र शाहनवाजखान १७५८ मध्ये मारला गेला आणि त्याचे घर लुटले गेले, तेव्हा हस्तलिखिताची पाने इतस्ततः झाली; आझादने ती पुढे शोधून जुळवली, लेखकाचे चरित्र जोडले आणि ग्रंथ वाचवला. पुस्तक जगते ते लेखकामुळे आणि तितकेच ते सांभाळणाऱ्या मित्रामुळे.

दरबारी आणि मठीय बैठकींच्या बाहेर, गावोगावच्या सामान्य माणसाची वाचनसभा म्हणजे पोथी. श्रावणात किंवा चातुर्मासात देवळात अथवा एखाद्याच्या ओसरीवर ‘पोथी लावली’ जाते. एक जण ओव्या वाचतो, दुसरा जाणकार अर्थ सांगतो, ऐकणारे मध्येच शंका काढतात आणि समाप्तीच्या दिवशी प्रसाद होतो. या बैठकीला निमंत्रणपत्रिका लागत नाही, रोजची वेळ ठरलेली असते, काल कुठे थांबलो हे सर्वांना आठवत असते आणि ज्याला वाचता येत नाही तोही तिथे पूर्ण वाचक असतो. दौलताबादेत जनार्दनस्वामींच्या चरणी बसून शिकलेल्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, त्यामागची निकड हीच होती: हातोहात नकलताना आणि सभोसभी वाचताना मजकुरात शिरलेले पाठभेद दूर करणे. म्हणजे वाचनसभा मजकूर घडवते, बिघडवते आणि मग तो दुरुस्त करण्याची गरजही तीच निर्माण करते.

निजामी राजवटीत या भागातील सभांना वेगळेच वळण लागले. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने, गश्ती म्हणजे सर्व कचेऱ्यांना फिरवलेला हुकूम, परवानगीशिवाय जाहीर सभा घेण्यावर बंधने आणली आणि त्यामुळे वाचनालये, गणेशोत्सव आणि साहित्य संस्था यांच्यावर सार्वजनिक जीवनाचा मोठा भार आला. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेच्या वाटचालीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मराठवाड्यात पुस्तकाभोवती जमण्याला एक नागरी धार आहे, ती इथून आली आहे.

पुस्तकाच्या दुकानाने हीच भूमिका घेतल्याची उदाहरणे जगात प्रसिद्ध आहेत. पॅरिसमध्ये १९१५ साली आद्रियेन मोनिए यांनी काढलेल्या छोट्या दुकानात ७ डिसेंबर १९२१ रोजी जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’मधील उतारे वाचले गेले, वालेरी लार्बो यांनी ग्रंथ समजावून सांगितला, सुमारे अडीचशे लोक त्या दाटीत उभे होते आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, रस्त्यापलीकडच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या दुकानाच्या मालकीण सिल्व्हिया बीच यांनी ते पुस्तक प्रकाशित केले. मराठीत असे धाडस केशवराव कोठावळे यांनी दाखवले. ‘मॅजेस्टिक’ या पुस्तक दुकानापासून त्यांचा व्याप वाढत गेला, १९६४ मध्ये त्यांनी पुस्तकांविषयीचे ‘ललित’ मासिक सुरू केले आणि पुढे ‘मॅजेस्टिक गप्पा’ या नावाने पार्ल्यात लेखक आणि रसिक यांच्या मोकळ्या बोलण्याचा वार्षिक उपक्रम रुजला. त्या नावातच निवड आहे, कारण ‘गप्पा’ या शब्दात व्यासपीठ बसत नाही. संभाजीनगरात मिर्झा वर्ल्ड बुक हाऊस या दुकानाच्या परिवारातून २०२१ मध्ये मोहल्ला वाचनालयांची चळवळ निघाली, ज्यात वस्त्यांतील मुलांसाठी छोटे पुस्तकसंग्रह उभे राहिले. दुकान ग्राहकाची वाट न पाहता स्वतःच गल्लीत गेले, तर काय होते याचे हे जिल्ह्यातील उत्तम उदाहरण आहे.

खुलताबाद तालुक्याला या विषयात आज जी संधी आहे ती ‘पुस्तकांचे गाव’ या शासकीय योजनेमुळे आली आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावात रिचर्ड बूथ यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले, पाहता पाहता गाव दुकानांनी भरले आणि १९८८ पासून तिथे साहित्य महोत्सव भरू लागला. त्यावरून स्फूर्ती घेऊन राज्य मराठी विकास संस्थेमार्फत महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी पहिले पुस्तकांचे गाव सुरू झाले, जिथे पंचवीस ठिकाणी, घरांच्या ओसऱ्यांपासून शाळेपर्यंत, सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली गेली. पुढे योजना विस्तारताना गोंदियातील नवेगाव बांध, सिंधुदुर्गातील पोंभुर्ले आणि सांगलीतील अंकलखोप यांच्याबरोबर खुलताबाद तालुक्यातील वेरूळचीही निवड झाली.

या दोन नमुन्यांत एक मूलभूत भेद आहे. हे-ऑन-वायची पुस्तके विक्रीची आहेत, त्यामुळे कोणते पुस्तक ठेवायचे, कोणत्या लेखकाला बोलवायचे याचा निर्णय ज्याच्या खिशाला झळ बसते तो दुकानदार घेतो. महाराष्ट्रातील गावांत पुस्तके शासनाने पुरवलेली आणि विनामूल्य वाचण्यासाठी आहेत. विनामूल्य असणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी करू नये. मात्र वाचनसभा नुसत्या कपाटाने उभी राहत नाही. तिला ठरलेली वेळ, ओळखीचा चेहरा आणि ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात ते आज पुढे बोलू’ असे म्हणणारा माणूस लागतो. हे काम दुकानदार करतो, पोथी लावणारा करतो, हसन सिज्झी टिपणे घेऊन करत होता. कपाटाची चावी सांभाळणाऱ्याला हे काम देणे, त्यासाठी त्याला मानधन आणि स्वतः पुस्तक निवडण्याचा थोडा तरी अधिकार देणे, इतकी तरतूद झाली तर योजनेचे रूप पालटेल.

अशी बैठक वेरूळला सुरू करायची तर मंगळवार सर्वांत सोयीचा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात आणि ज्यांचा रोजगार लेण्यांवर चालतो त्या वाटाड्यांना, उपाहारगृहांतील कामगारांना आणि वस्तू विकणाऱ्यांना त्यातल्या त्यात मोकळीक असते. पहिले वाचन ‘लीळाचरित्रा’तील एळापूरच्या लीळांचे व्हावे. त्यांतील वाटा आणि वस्ती यांच्या आजच्या खुणा श्रोत्यांपैकीच कोणीतरी सांगू शकेल. वाचणाऱ्याने एक वही जवळ ठेवावी आणि जे नीट उमगले नाही तिथे पानावर जागा कोरी सोडावी.