पिकअप गाडीचे चाक आणि मालाला बसणारे हादरे

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर केळीसाठी, तर लातूरची बाजारपेठ तूर व सोयाबीनसाठी सुपरिचित आहे. शेतापासून हमरस्त्यापर्यंत माल नेण्याचे काम या भागात पूर्वी बैलगाडी करीत असे. आता त्यातील बरेचसे काम लहान पिकअप गाड्या करतात. रस्ता मात्र पुष्कळ ठिकाणी काळ्या जमिनीतून जातो. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे रस्त्यावर चाकोऱ्या, खड्डे व उंचवटे निर्माण होतात. पोत्यातील धान्य गाडीचे हादरे सोसते. केळी व टोमॅटो सोसत नाहीत. हिरव्या केळीला लागलेला मार त्या वेळी दिसत नाही. फळ पिकू लागले म्हणजे तेथे काळा डाग उमटतो व मालाची किंमत उतरते. म्हणून गाडीचे चाक कसे असावे, हा प्रश्न केवळ चालकाच्या सुखाचा नसून शेतकऱ्याच्या उत्पन्नाचाही आहे.

मोठे चाक खड्ड्यात कमी का उतरते?

३० सें. मी. रुंदीचा एक खोल खड्डा कल्पावा. ५४ सें. मी. व्यासाचे ताठ चाक त्यात सुमारे साडेचार सें. मी. उतरेल; ७० सें. मी. व्यासाचे चाक सुमारे साडेतीन सें. मी., आणि बैलगाडीचे दीड मीटर व्यासाचे चाक अवघे दीड सें. मी. उतरेल. चाक जितके मोठे, तितका त्याच्या परिघाचा बाक कमी. म्हणून ते लहान खड्डा जवळजवळ ओलांडूनच जाते. उंचवट्यावरही मोठे चाक एकदम न आदळता हळूहळू चढते. आपल्या पूर्वजांनी गाडीची चाके उंच केली, त्यामागे हाच अनुभव होता.

हवेची गादी

तथापि, एवढे मोठे चाक असूनही बैलगाडी खडखडते. कारण तिच्या चाकावर लोखंडी धाव असते, आणि लोखंड दबत नाही. स्कॉटलंडमधील रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी ती पुन्हा शोधून प्रचारात आणली. खडा किंवा दगड आला की अशी धाव त्या जागी दबते व हादऱ्याचा काही भाग स्वतःच गिळते. उरलेला हादरा पुढे कमानपाट्यांकडे जातो.

ही गादी किती जाड आहे, हे टायरवरील आकड्यांवरून समजते. ‘२१५/७५ आर १५’ हे माप पिकअप गाड्यांत नेहमी आढळते. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५, अर्थात सुमारे १६ सें. मी. १५ हा रिमचा इंचांतील व्यास. रिमचे ३८ सें. मी. व वरखालच्या दोन भिंतींचे ३२ सें. मी. मिळून पूर्ण चाक सुमारे ७० सें. मी. भरते. अधिक लहान मालगाड्यांना ‘१४५ आर १२’ असे टायर असतात. त्यांचे चाक सुमारे ५४ सें. मी. असते.

मोठी रिम म्हणजे मऊ चाल नव्हे

गाडी उठून दिसावी म्हणून १५ इंचांच्या जागी १७ इंचांची रिम बसविण्याची हौस कित्येकांना असते. चाकाची एकूण उंची तीच ठेवली, तर टायरची भिंत १६ सें. मी. वरून साडेतेरा सें. मी. वर येते. म्हणजे लोखंड वाढले आणि हवेची गादी अडीच सें. मी. नी घटली. खड्ड्यात चाक पूर्वीइतकेच उतरते. पण हादरा अधिक बसतो व रिम वाकण्याची भीती वाढते. नवे चाक वजनदार असेल, तर ते आवरणे कमानपाट्यांना कठीण जाते.

उलट, चाकाची एकूण उंचीच वाढविली, तर खड्डा सुसह्य होतो. परंतु चाक बाजूच्या पत्र्याला घासू शकते, चढणीवर गाडीची ओढ कमी पडते, ब्रेकवर ताण येतो व वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. कारखान्याने ठरविलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही बंधन घातले आहे. सबब, गाडी विकत घेतानाच आपल्या रस्त्याला साजेसे चाक पाहून घ्यावे.

हवा, ओझे आणि वेग

योग्य मापाचे चाक असूनही हवा प्रमाणाबाहेर भरल्यास टायर लोखंडाप्रमाणे ताठ होतो. हवा फार कमी ठेवल्यास भरल्या गाडीचा टायर तापतो व फुटण्याचा धोका असतो. मागील कमानपाटे पूर्ण ओझ्यासाठी बनविलेले असल्याने रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी अधिक उडते. वेग निम्मा केला, तर उंचवट्यावर चाक वर उचलले जाण्याचा वेगही निम्मा होतो. हा उपाय बिनखर्ची आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांच्या निदर्शनास आणाव्यात :

१. टायर बदलताना जुन्या टायरवरील माप व भारक्षमता पाहून तसाच टायर घ्यावा.

२. हवा टायर थंड असताना मोजावी. रिकाम्या व भरल्या गाडीसाठीचे दाब गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात, ते पाळावेत.

३. सर्वांत जास्त हादरे मागील आसावर व त्यामागे बसतात. नाजूक माल हौद्याच्या पुढील भागात, चालकाच्या खोलीजवळ ठेवावा.

४. केळीच्या घडांखाली व घडांमध्ये केळीची पाने पसरावीत आणि माल हलणार नाही असा बांधावा.

५. हौद्यात माणसे बसवू नयेत.

चाक, हवा व वेग या तिन्हींकडे लक्ष दिल्यास वर्षभर कष्टाने वाढविलेला माल शेवटच्या दोन कोसांत खराब होण्याचे टळेल.