चोरीला मुदत कसली?

जानेवारी २०१९. फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातल्या दालनात एका चित्राच्या जागी त्याचा कृष्णधवल फोटो लावण्यात आला. खाली इटालियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांत ठळक शेरा होता: ‘चोरीला गेलेले’. १९४४ मध्ये नाझी सैनिकांनी हे चित्र पळवलं असून ते आज जर्मनीत खासगी मालकीत आहे, असा खुलासाही होता. फोटो लावणारे उफिझी संग्रहालयाचे (पिट्टी राजवाडा त्याच्याच अखत्यारीत येतो) तत्कालीन संचालक आइके श्मिट स्वतः जर्मन. त्यामुळे हा इटलीचा कांगावा आहे म्हणून हात झटकायची सोय जर्मनीत कुणालाच उरली नाही.

चित्र अ‍ॅम्स्टरडॅमच्या यान फान हाउसम (१६८२–१७४९) याचं. जेमतेम ४७ बाय ३५ सेंटीमीटरच्या कॅनव्हासवर फुलांनी भरलेली फुलदाणी. हा चित्रकार फुलं समोर ठेवूनच रंगवायचा, आणि त्याच्या फुलदाणीत वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकत्र नांदायची. साहजिकच एखाद्या फुलासाठी काम महिनोन्‌महिने अडून राही. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र रखडलं, असं त्याने १७४२ मधल्या एका पत्रात कळवलं होतं. पानावरचा दवाचा थेंब, पाकळीवरचा किडा इतक्या बारकाईने उतरवण्याची त्याची हातोटी होती, आणि ती कुणी उचलू नये म्हणून काम चालू असताना तो कुणालाही जवळ फिरकू देत नसे.

टस्कनीचे ग्रँड ड्यूक दुसरे लिओपोल्ड यांनी १८२४ मध्ये हे चित्र पिट्टी राजवाड्यासाठी विकत घेतलं. १९४० मध्ये इटली युद्धात उतरला, तेव्हा ते सुरक्षिततेसाठी शहराबाहेर पोज्जो आ कायानोच्या वाड्यात हलवलं गेलं आणि १९४३ मध्ये फ्लॉरेन्समधल्या दुसऱ्या वाड्यात. १९४४ मध्ये जर्मन सैन्य मागे हटू लागलं आणि चित्र गायब झालं. एका सैनिकाने ते भेट म्हणून बायकोला धाडलं होतं, असं पुढे तपासात निघालं.

नाझी लूट म्हटलं की गोअरिंगसारख्या बड्या नाझी धेंडांचे संग्रह आठवतात. इथे मात्र लूट एका साध्या घरात शिरली आणि वारशाने पुढे गेली. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९१ मध्ये, चित्राचा सुगावा लागला. मग मध्यस्थ येऊ लागले: पैसे द्या, चित्र घ्या. आपलाच माल विकत कशाला घ्यायचा, हा इटलीचा सवाल. पण जर्मन कायद्यानुसार तीस वर्षांनंतर मालकाचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. जुनी भांडणं कधीतरी मिटावीत म्हणून मुदत असते. इथे चित्र जितकी वर्षं दडवलं, तितकी ते बाळगणाऱ्याची बाजू भक्कम होत गेली.

फोटोचा गाजावाजा झाला, इटलीच्या कॅराबिनिएरी पोलिसांचा तपास चालूच होता, दोन्ही सरकारं बोलू लागली. १९ जुलै २०१९ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हाइको मास फ्लॉरेन्सला आले आणि इटलीचे परराष्ट्रमंत्री मोआवेरो मिलानेसी यांच्या उपस्थितीत चित्र परत करण्यात आलं.

हे घडलं ते जनलज्जेमुळे आणि राजकीय रेट्यामुळे, कायद्याने नव्हे. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींपुरती तरी ही मुदत रद्द करा, अशी मागणी श्मिट यांनी केली होती ती त्याचसाठी. पिट्टी राजवाड्याच्या पाठीशी अख्खं इटालियन सरकार होतं. ज्या ज्यू कुटुंबांच्या दिवाणखान्यांतून चित्रं उचलली गेली, त्यांच्या वारसांसाठी कुठला परराष्ट्रमंत्री विमान पकडणार? चित्र खासगी हातात असेल तर त्यांना कोर्टाचीच पायरी चढावी लागते, आणि तिथे मुदतीचं कलम दारातच आडवं येतं.