उसनवारीचा संघ

पूर्वी लग्नघरात शेजारपाजारची भांडी यायची. पातेली, पराती, घंगाळी. प्रत्येकावर मालकाचे नाव कोरलेले. कार्य पार पडले की नावे वाचून ती घरोघर परत जायची, आणि एखाद्या परातीला पोचा पडलेला निघाला की पुढची चार वर्षे कुजबुज चालायची. देशाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक हा असाच एक यजमान असतो. मांडव त्याचा, अब्रू त्याची. भांडे मात्र एकही त्याचे नाही.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या घरांना हे चटकन उमगत नाही. क्रिकेटमध्ये आघाडीचे खेळाडू मंडळाशी करारबद्ध असतात आणि आयपीएल भरवणारेही तेच मंडळ. फुटबॉलची घडी उलटी आहे. खेळाडूला पगार देतो क्लब, त्याला रोज घडवतो क्लब. देश त्याला वर्षातून थोडे दिवस बोलावून नेतो. ते दिवस फिफा ही जागतिक संघटना आधीच ठरवून देते. त्या मुदतीत बोलावणे आले तर क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. मुदतीबाहेर सारी क्लबची मर्जी.

या मर्जीची किंमत काय असते, ते २०२३ साली दिसले. १९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातले इगोर स्टिमॅच तेव्हा भारताचे प्रशिक्षक होते. त्या वर्षी जून-जुलैत त्यांना संघ सलग हाताशी मिळाला. भारताने इंटरकॉन्टिनेन्टल कप आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा, दोन्ही जिंकल्या आणि जागतिक क्रमवारीत ९९वे स्थान गाठले.

पाठोपाठ हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धा आल्या. निकषात न बसणाऱ्या फुटबॉल संघाला सरकार पाठवेना, म्हणून स्टिमॅच यांनी थेट पंतप्रधानांना जाहीर साकडे घातले. परवानगी मिळाली. मग क्लब अडले. स्पर्धा फिफाच्या मुदतीबाहेरची आणि इंडियन सुपर लीगचा मोसम तोंडावर. पहिल्या यादीतली नावे गळत गेली, नवी जोडली गेली. संघ चीनमध्ये उतरला तो पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. १९ सप्टेंबरला यजमान चीनशी पूर्वार्धात १-१ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात चार गोल बसले, निकाल ५-१. दमलेल्या पायांची ही शिक्षा कुणाच्या हिशेबी लावायची?

दोनच दिवसांनी, २१ तारखेला, बांगलादेशाविरुद्ध सुनील छेत्रीने पेनल्टीवर गोल करून भारताला जिंकून दिले. त्याच दिवशी कोचीत सुपर लीगचा पहिला सामना झाला. त्यात त्याचा बंगळुरू एफसी त्याच्याविना उतरला आणि हरला. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला एकाच दिवशी दोन घरची बोलावणी!

जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषक आला. स्टिमॅच दीर्घ शिबिर मागत राहिले. लीगने विश्रांती घेतल्यावर हाती आले दोन आठवडे. भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून संघ बाहेर पडला आणि प्रशिक्षकांना निरोप मिळाला.

म्हणून क्लबांना खलनायक ठरवावे का? माझी हयात बँकेत गेली. मुख्य कचेरीला एखाद्या खास कामासाठी माणूस हवा असला की ती नेमका शाखेतला सर्वांत चलाख माणूस मागायची. पगार शाखेच्या खर्ची, मार्चअखेरची रांग शाखेच्या काउंटरपुढे, आणि शाबासकी कचेरीला. अशा माणसाला रिलीव्ह करताना कोणताही शाखाधिकारी हात आखडता घेतो. तो संस्थेचा शत्रू नसतो. त्याला त्याच्या शाखेचा जाब द्यायचा असतो.

क्लबचा जाब तर याहून जड, कारण उसना दिलेला माणूस मोडून परत येऊ शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये भारताकडून खेळताना मोहन बागानच्या आशिक कुरुनियनचा गुडघा दुखावला आणि त्याचा पुढचा सारा मोसम बुडाला. पगाराची भरपाई कोणी देईलही. मोसम कुठून आणायचा?

हे दुखणे जगभरचे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरवा क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स मोरोक्कोकडून खेळताना जायबंदी झाला. क्लबने फिफाला कोर्टात खेचले आणि युरोपातले धनाढ्य क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले. २००८ साली तडजोड झाली. विश्वचषकाच्या उत्पन्नात क्लबांना वाटा देण्याचे ठरले. २०१२ पासून फिफाने जायबंदी खेळाडूंच्या पगारासाठी संरक्षण योजनाही सुरू केली. भांडण मिटले नाही, पण त्याला हिशेबाची वही मिळाली.

आपल्याकडे २०२४ साली वेगळाच तोडगा निघाला. एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनाच भारताचे प्रशिक्षक नेमले आणि एक वर्ष दोन्ही कामे सोपवली. म्हणजे मुख्य कचेरीची खुर्ची एका शाखाधिकाऱ्याला दिली, शाखाही त्याच्याकडेच ठेवून. मे २०२५ मध्ये त्यांच्या गोवा संघाने सुपर कप जिंकला. भारताला मात्र त्यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एकच विजय मिळाला.

त्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात हरलेल्या जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील. मुंबई एफसीला वर्षानुवर्षे सांभाळलेला आणि २०१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. गोव्याच्या सॅव्हियो मेदेइरांनंतर १३ वर्षांनी हे पद भारतीयाला मिळाले. पण पहिल्याच स्पर्धेला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. सुरुवातीचा सामना मुदतीबाहेर होता आणि दुखापतींची जुनी तक्रार होतीच. उरलेल्यांना घेऊन जमील यांनी मध्य आशियाई देशांच्या त्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरात मात्र मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशिया चषकाचे दार बंद झाले.

प्रशिक्षक बदलले, गाऱ्हाणे तेच राहिले. यावरचा उपाय नव्या नावात नाही, नव्या वहीत आहे. महासंघ, लीग आणि क्लब यांनी मोसमाआधी एकत्र बसून मुदतीबाहेरचे दिवसही तारखेवार ठरवावेत. खेळाडू कोणत्या अवस्थेत दिला, कोणत्या अवस्थेत परत आला, उपचार कोणी करायचे, पगार कोणी द्यायचा, याची नोंद दोघांच्या सहीने व्हावी. देशप्रेमाची भाषणे उसनवारीचा व्यवहार सांभाळत नाहीत. स्वच्छ नोंद सांभाळते.

कारण या ओढाताणीत ज्याला कोणी विचारत नाही, तो खेळाडू ना भांडे आहे, ना कारकून. त्याच्या कारकिर्दीची वर्षे दहा-बारा. क्लबला नाही म्हटले तर भाकरी रुसते, देशाला नाही म्हटले तर गाव बोल लावते. बोलावणी दोन असली, तरी त्याचे गुडघे तेच असतात.